खानदेशातून परदेशी जाण्याचे कागद

परदेशप्रवासाला लागणारे दोन कागद स्वभावाने वेगळे आहेत. पासपोर्ट, म्हणजे सरकारी मराठीतले पारपत्र, आपले सरकार देते. हा माणूस आमचा आहे आणि तो परत आला तर आम्ही त्याला घरात घेऊ, अशी ती हमी असते. व्हिसा दुसऱ्याचे सरकार देते. याला आमच्या दाराशी येऊ द्यायला हरकत नाही, एवढेच तो सांगतो. दार उघडायचे की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी तरीही स्वतःच ठरवतो. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला हे दोन्ही कागद जेमतेम गेल्या दीडशे वर्षांत ओळखीचे झाले. कागद दाखवून पुढे सरकण्याची रीत मात्र खानदेशात त्याहून फार जुनी आहे, कारण हा मुलूखच वाटेवरचा.

सुरत बंदरात उतरलेला माल आणि माणूस आग्र्याला न्यायचा, तर सोळाव्या-सतराव्या शतकात एक राजमार्ग तापीच्या खोऱ्यातून जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने या वाटेवरचे मुक्काम नोंदवले आहेत : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बुऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात असलेले बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेशची राजधानी होते. फारुकी सुलतानांचा हा मुलूख अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेऊन मोगल साम्राज्याला जोडला, आणि पुढची शंभर वर्षे सुरतेहून उत्तरेकडे जाणारे अनेक परदेशी या वाटेने गेले.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ सुंवाळीला उतरला, तेव्हा त्याचा पहिला तंटा झाला तो झडतीवरून. बंदरावरच्या अंमलदारांच्या रिवाजाप्रमाणे उतरणाऱ्या प्रत्येकाचे सामान आणि अंग तपासले जाई. रोचे म्हणणे, राजाच्या वकिलाच्या अंगाला हात लावता येणार नाही. महिनाभराच्या घासाघिशीनंतर तो सुरतेहून निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बुऱ्हाणपूरला पोचून शाहजादा परवेझला भेटला. तिथे त्याने मागितले ते इंग्रजांना शहरात वखार घालून राहण्याच्या परवानगीचे फर्मान. आजच्या भाषेत सांगायचे, तर सुरतेला कस्टम्स आणि बुऱ्हाणपूरला निवासाचा परवाना, असे दोन टप्पे या वाटेवर होते. मधल्या चारेकशे किलोमीटरांत रोला कोणी तो कुठल्या देशाचा नागरिक आहे हे विचारले नाही. तशी कल्पनाच तेव्हा नव्हती. माणूस कोणाच्या आश्रयाने चालला आहे, एवढाच प्रश्न असे.

त्या आश्रयाचा कागद म्हणजे दस्तक. फारसीतला हा शब्द मोगलांकडून मराठी दप्तरात आला आणि तिथे रुळला. दस्तक बहुधा माणसाला नसे, त्याच्याबरोबरच्या मालाला, बैलांना आणि माणसांच्या संख्येला असे : अमुक इतके बैल, अमुक इतकी माणसे, अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी जात आहेत, वाटेतल्या चौक्यांनी अडवू नये. त्याच्याच जोडीचा शब्द राहदारी. मूळ अर्थ वाटेची राखण, पण व्यवहारात राखणीच्या नावाखाली वसूल होणारा कर. औरंगजेबाने राज्यावर आल्यानंतर लवकरच राहदारी माफ केल्याचा हुकूम काढला. तो दूरच्या सुभ्यांत फारसा पाळला गेला नाही, हे खाफीखान हा इतिहासकारच सांगतो. बंगालमध्ये पुढे याच दस्तकाच्या गैरवापरावरून ईस्ट इंडिया कंपनीचे आणि नबाबांचे वैर पेटले. कागद एकाच्या नावाचा आणि माल दुसऱ्याचा, ही युक्ती पासपोर्टाइतकीच जुनी आहे.

खानदेशात या दस्तकाला डोंगरात एक मर्यादा होती. सातपुड्याचे आणि सातमाळ्याचे घाट भिल्ल नाइकांच्या हाती होते आणि ते राखण्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले होते. दिल्लीचे मोहोर केलेले फर्मान घाटाच्या तोंडाशी दाखवून भागत नसे. नाइकाचा माणूस बरोबर असला म्हणजे वाट मोकळी. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर खानदेशचा मोठा भाग मराठ्यांकडे आला, तरी घाटांवरची ही रीत चालूच राहिली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर धुळ्याला ठाणे देऊन बसलेल्या कॅप्टन ब्रिग्जला आधी याच नाइकांचे हक्क समजून घ्यावे लागले.

समुद्रावर आणखी एक कागद लागे. तो परक्या सत्तेचा होता आणि खऱ्या अर्थाने आजच्या व्हिसाचा पूर्वज होता. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर कार्ताझची पद्धत लादली : त्यांचा परवाना नसलेले जहाज लुटायला मोकळे. बुऱ्हाणपूर-नंदुरबारच्या वाटेने सुरतेला पोचणाऱ्या हज यात्रेकरूंची जहाजेही यातून सुटली नाहीत. त्या कागदावर मेरी आणि येशूचे चित्र असे. ते बाळगून मक्केला जाणे धर्माला धरून आहे का, असा प्रश्न अकबराच्या दरबारातल्या उलेमांपुढे आला आणि मखदूम-उल-मुल्क या धर्मशास्त्र्याने अशा स्थितीत हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हजचे बंधनच राहत नाही, असा निवाडा दिल्याचे इतिहासकार बदाऊनी लिहितो. अकबराची आत्या गुलबदन बेगम तरीही १५७५ मध्ये निघाली. तिच्या जहाजांना पोर्तुगीजांचा कार्ताझ मिळावा म्हणून दमणजवळचे एक गाव सोडून द्यावे लागले. बादशहाच्या घरच्या बाईला लागलेली ही व्हिसाची फी होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

एकोणिसाव्या शतकात वाट बदलली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे गेली आणि खानदेशचे बंदर सुरत न राहता मुंबई झाले. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरत-जळगाव तापी व्हॅली रेल्वेही सुरू झाली. पण तोवर परदेशी जाणारी माणसे मुंबईच्या गोदीची सवय लावून बसली होती. खानदेशातल्या सामान्य माणसाची पासपोर्टाशी पहिली गाठ या गोदीतच पडली आणि ती व्यापारामुळे किंवा शिक्षणामुळे पडली नाही, हजमुळे पडली. लंडनला बॅरिस्टर व्हायला जाणारे मूठभर. मुंबईहून मक्केला जाणारे दरसाल हजारो, आणि त्यांत विणकर, शेतकरी, छोटे दुकानदार असे सगळे.

या यात्रेकरूंमागे कागदांचा ससेमिरा लागला तो रोगराईमुळे. कॉलरा हजच्या वाटेने युरोपात शिरतो, या धास्तीने युरोपीय सत्तांनी एकामागून एक आरोग्य परिषदा भरवल्या. तुर्की सरकारने १८८० च्या दशकात यात्रेकरूंकडे पासपोर्ट मागायला सुरुवात केली आणि मुंबईत यात्रेकरूंसाठी खास अधिकारी नेमून हे पासपोर्ट दिले जाऊ लागले. १८८६ मध्ये सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था चक्क टॉमस कुक या इंग्रज प्रवास कंपनीकडे सोपवली. काही वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाणेच बंद केले गेले. देशातल्या देशात फिरणाऱ्यांनाही तेव्हा स्थानकांवर उतरवून डॉक्टर काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते पाहत. मद्रास इलाख्यात प्रवाशाच्या हाती दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीला तर प्लेग पासपोर्ट असेच नाव पडले. २०२१ मध्ये लशीच्या प्रमाणपत्रावाचून अनेक देशांच्या विमानात पाय ठेवता येईना, तेव्हा अनेकांना ते अघटित वाटले. खानदेशच्या आजे-पणजांना त्यात नवे काही दिसले नसते.

हजच्या प्रवासात पुढे आणखी दोन अटी घट्ट झाल्या. एक, देवी आणि कॉलऱ्याची लस टोचल्याचा दाखला. दुसरी, परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत. जेद्दाहला पैसे संपून अडकलेल्या गरीब यात्रेकरूंना परत आणण्याचा खर्च सरकारवर पडू लागल्याने १९२० च्या दशकात ही दुसरी अट आली. आज पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला परतीचे तिकीट आणि बँकेतली शिल्लक दाखवावी लागते, त्यामागचा हिशेब हाच आहे : आलेला माणूस आमच्या गळ्यात पडू नये. १९३२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांवर हज समित्या कायद्याने स्थापन झाल्या. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघून मुंबईच्या मुसाफिरखान्यात उतरायचे, कागदांवर शिक्के मिळेपर्यंत तिथेच पथारी टाकायची आणि जहाज लागले की गोदीकडे चालू लागायचे, हा क्रम जहाजे चालू होती तोवर, म्हणजे १९९५ पर्यंत, फारसा बदलला नाही. यात्रेकरूंना नेहमीच्या पासपोर्टाऐवजी एक वेगळा यात्रापास मिळे. तोही सौदी सरकारच्या मागणीवरून २००९ मध्ये गेला आणि हजला जाणाऱ्या प्रत्येकाला आंतरराष्ट्रीय पासपोर्ट काढणे भाग पडले. सत्तरीतल्या कित्येक आजीबाईंनी आयुष्यातला पहिला फोटो त्यासाठी काढून घेतला असेल.

बाकीच्यांसाठी पासपोर्ट सक्तीचा झाला तो पहिल्या महायुद्धाने. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा अमेरिकेत उतरायला पासपोर्टाची सक्ती नव्हती. युद्ध सुरू झाल्यावर भारत संरक्षण कायद्याखाली देशाबाहेर जायला आणि आत यायला पासपोर्ट लागू लागला. तो कागद सरकारच्या हातातली लगाम आहे, हे महाराष्ट्राला कळले १९१८ मध्ये. होमरूलची बाजू मांडायला टिळक, केळकर, खापर्डे आदींचे शिष्टमंडळ विलायतेला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथे त्यांना पासपोर्ट रद्द झाल्याची खबर मिळाली. मंडळी परत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात टिळक इंग्रज पत्रकार चिरोल याच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी विलायतेला गेले, ते त्यासाठी वेगळी परवानगी मिळाल्यावर.

युद्ध संपल्यावर ही सक्ती जाईल, असे जगभर अनेकांना वाटत होते. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि तिने पासपोर्ट काढून टाकण्याऐवजी त्याला बत्तीस पानांच्या पुस्तिकेचे सारखे रूप दिले. त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला. हा कायदा देशात शिरणाऱ्यासाठी होता. बाहेर जाणाऱ्याकडे पासपोर्ट असलाच पाहिजे, असे त्यात कुठेही नव्हते. पण पासपोर्ट नसलेल्याला जहाज कंपनी तिकीट देईना, कारण पलीकडच्या बंदरात त्याला उतरू दिले नाही तर परत आणायचा भार कंपनीवरच. तपासणीचा मोर्चा नाक्यावरून तिकिटाच्या खिडकीवर आला. आजही विमानतळावर प्रवाशाचा व्हिसा पहिल्यांदा बारकाईने पाहते ती विमान कंपनीची मुलगी, कंपनीच्या संगणकावरची देशोदेशीच्या नियमांची यादी उघडून. सरकारी अधिकाऱ्याची खिडकी त्यानंतर येते.

फाळणीने या गोष्टीला एक कडू वळण दिले. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येण्यावर परमिट लागू झाले आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला. सिंधमधून आलेली कुटुंबे खानदेशात स्थिरावली होती. जळगावची सिंधी कॉलनी त्यातूनच उभी राहिली. दुसरीकडे भुसावळ, धुळे, रावेरच्या काही मुस्लिम घरांतला एखादा भाऊ कराचीला गेला होता. या दोन्ही घरांना आप्तांना भेटण्यासाठी लागणारा व्हिसा जगातल्या इतर व्हिशांसारखा नव्हता. तो देशाला मिळत नसे, ठरावीक शहरांना मिळे; पोचल्यावर आणि निघताना पोलीस ठाण्यात नोंद करावी लागे. भारत सरकार तर फक्त पाकिस्तानला जाण्यापुरता वेगळा पासपोर्टही देत असे. फाळणीनंतर खूप उशिरा सिंधमधून आलेल्यांपैकी काहींची नागरिकत्वाची प्रकरणे दीर्घ मुदतीच्या व्हिशावर वर्षानुवर्षे चालत राहिली.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणे-न देणे ही सरकारची मर्जी होती. १९५४ मध्ये पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये उघडली, त्यांत मुंबई आणि नागपूर होती. खानदेश मुंबईच्या वाट्याला आला. जळगावकराला अर्ज देण्यासाठी सव्वाचारशे किलोमीटर जायचे आणि कारण न सांगता नकार आला तर मुकाट परतायचे, अशी ती स्थिती होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो आणि तो कायद्यावाचून हिरावता येत नाही. सरकारकडे असा कायदाच नव्हता. धावपळ करून आधी वटहुकूम आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा करण्यात आला. नकाराची कारणे त्यामुळे प्रथमच लेखी झाली. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने ती कारणे आणि कार्यपद्धती न्याय्यही असावी लागते, हे जोडले. गावाकडच्या अर्जदाराला या निकालांची नावे ठाऊक नसतात. पण नकाराचे कारण लेखी मागता येते आणि त्यावर अपील करता येते, ते यांच्यामुळे.

कायद्याने हक्क मिळाला, तरी खानदेशातल्या अर्जांना खरी अडचण आली ती घरच्या कागदांची. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत झालेली नाही आणि शाळेत गुरुजींनी वय जुळवण्यासाठी एक जून लिहून टाकलेला, ही महाराष्ट्रातल्या कैक पिढ्यांची गोष्ट आहे. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागेल, असा नियम बराच काळ होता. डिसेंबर २०१६ मध्ये तो सैल झाला आणि शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार चालू लागले. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी मात्र पुन्हा जन्मदाखला हाच एक पुरावा उरला आहे. दुसरी अडचण नावाची. मराठी नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव. अर्जात मात्र रकाने दोनच. मधले नाव कुणी पहिल्या रकान्यात घालतो, कुणी गाळतो, आणि व्हिसाच्या अर्जात ते तिसऱ्याच प्रकारे पडते. लग्नानंतर सासरी नावही बदलण्याची रीत ज्या घरांत होती, तिथल्या बायकांच्या शाळेच्या आणि लग्नानंतरच्या कागदांवर दोन वेगळ्याच व्यक्ती दिसतात. एका अक्षराच्या फरकाने अडलेली फाइल सोडवायला राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्यापर्यंत जावे लागते.

आखाती देशांतल्या नोकऱ्यांनी आणखी एक शिक्का आणला. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली कमी शिकलेल्या कामगाराच्या पासपोर्टावर, ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी मंजुरी लागेल, अशी नोंद होऊ लागली. दहावी पास असलेल्याला ती लागत नाही. फसव्या दलालांपासून राखण हा हेतू चांगला, पण पासपोर्ट उघडताच माणसाचे शिक्षण कळावे हे अनेकांना खटके. जानेवारी २०१८ मध्ये अशांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट देण्याचा विचार जाहीर झाला तेव्हा एवढी ओरड झाली की महिना संपायच्या आत तो मागे घ्यावा लागला.

हस्तलिखित पासपोर्ट नोव्हेंबर २०१५ नंतर जगात चालेनासे झाले. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली, जळगाव आणि धुळे इथेही ती आली आणि लांबची खेप चुकली. व्हिसासाठी मात्र अजून बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. तिथे पोचल्यावर कळणाऱ्या गोष्टी आधी कळल्या तर खेप वाचते : पासपोर्टाची मुदत बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने हवी असते. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेपुढे तीन महिने, गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट, दोन कोरी पाने आणि तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतो. ब्रिटनला १९८६ पर्यंत भारतीय पर्यटक व्हिशाशिवाय जाऊ शकत होता, हे आता सांगूनही खरे वाटत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खानदेशातून सर्वांत जास्त चर्चा झाली ती वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींची. रशिया, युक्रेन, किर्गिझस्तान अशा देशांत व्हिसा विद्यापीठाच्या निमंत्रणपत्रावर मिळतो. विद्यापीठ बदलले किंवा मुदत संपली, की तो कागद निरुपयोगी होतो. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून मुले परतली, तेव्हा सीमेवर त्यांच्या हातात उरलेला एकमेव उपयोगाचा कागद भारतीय पासपोर्ट होता. जून २०२४ मध्ये रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोद इथे नदीत बुडून जळगाव जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. अशा वेळी लागणारे कागद कोणत्याही यादीत आधी कोणी वाचत नाही : स्थानिक मृत्युदाखला, देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र, वकिलातीचे ना-हरकत पत्र आणि वकिलातीने रद्द केलेला तोच पासपोर्ट.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा आणि परकीयांविषयीचे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. पासपोर्टात आता चिपही बसू लागली आहे. या सगळ्यातून एक वाट अजून बाहेर आहे. १९५० च्या तहामुळे नेपाळला जायला भारतीयांना ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा, आणि खानदेशातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेच्या बसगाड्या दर हंगामात निघतात. ओळखपत्र मात्र लागतेच. पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्ड फक्त पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्यांना चालते. आजी-आजोबा आणि नातू आधारवर पलीकडे जातात. त्यांना घेऊन निघालेल्या मुलाने मतदार कार्ड घरी ठेवले असेल, तर अडतो तो एकटाच.